सायकल, घाट आणि दमा

'दम लागणे' आणि 'दमा असणे' हे शब्द आपल्या भाषेत एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की त्यांतला फरक शाळेच्या मैदानावर सहज पुसला जातो. सायकलवरून घाट चढताना दम सर्वांनाच लागतो. चढ संपला, दोन-चार मिनिटे थांबले, की श्वास जागेवर येतो. दमा असलेल्या विद्यार्थ्याचे बऱ्याचदा उलटे होते. चढताना तो इतरांच्या बरोबरीने असतो. आणि सगळे सायकली टेकवून पाणी पिऊ लागले, गप्पा सुरू झाल्या, की याचा खोकला सुरू होतो. छाती आवळल्यासारखी वाटते, श्वास सोडताना बारीक शिटी वाजते. "आता तर आपण थांबलोय, आता कसला दम?" असे विचारणारे शिक्षक आम्हांला भेटलेले आहेत. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. श्रम थांबल्यावर वाढणारी धाप ही गोष्ट खरोखरच चमत्कारिक आहे आणि तिचे कारण कळले, तर अशा विद्यार्थ्याने घाट कसा चढावा आणि मुख्य म्हणजे कसा उतरावा, हेही आपोआप कळते.

गेल्या काही वर्षांत गिअरच्या, जाड टायरच्या डोंगरी सायकली गावोगावी दिसू लागल्या आहेत. हिवाळ्यात शाळा-महाविद्यालयांच्या सायकल सहली सह्याद्रीत निघतात. अशा सहलीच्या यादीतून दमा असलेल्या मुलाचे नाव बहुधा दोन प्रकारे हाताळले जाते. एक तर ते सरळ वगळले जाते, किंवा मूल व त्याचे पालक आजार लपवतात आणि मूल औषध घरी ठेवून येते. दोन्ही वाईट, पण दुसरे अधिक वाईट. कारण दमा हा केवळ त्रास देणारा आजार नाही, तो जीवही घेतो. जगभरच्या आजारांच्या २०१९ सालच्या एका मोठ्या आढाव्यानुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा अंदाज आहे. औषधे स्वस्त आहेत, देशात तयार होतात, तरी हे प्रमाण असे आहे. याचा अर्थ औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये काहीतरी अडते आहे. त्यात पंपाविषयीची (म्हणजे इनहेलरविषयीची) भीती आणि लाज यांचा वाटा मोठा आहे, असे आमचे मत आहे.

श्रमाने दमा उसळतो हे निरीक्षण फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य अरेटिअस याने धावण्याने, व्यायामाने किंवा कष्टाने श्वास अवघड होतो त्या अवस्थेलाच दमा म्हटले होते. १६९८ साली जॉन फ्लॉयर या इंग्लिश वैद्याने दम्यावर एक ग्रंथ लिहिला. तो स्वतः दम्याने पीडित होता. वेगवेगळ्या व्यायामांनी दमा वेगवेगळ्या प्रमाणात वाढतो, हेही त्याच्या लक्षात आले होते. मात्र असे का होते, याचा उलगडा होण्यासाठी विसावे शतक अर्धे-अधिक उलटावे लागले.

श्वासनलिकांचे काम

आपण नाकातून हवा घेतो ती कोणत्याही तापमानाची असली, तरी फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचेपर्यंत ती ३७ अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली व्हावी लागते. एवढ्या तापमानाच्या एक लिटर संपृक्त हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असते. हे पाणी आणि ही उष्णता देण्याचे काम नाक, घसा आणि मोठ्या श्वासनलिका करतात.

आता डिसेंबरमधली पुण्याजवळच्या एखाद्या घाटातली पहाट घ्या. तापमान १२ अंश, हवामानखात्याच्या भाषेत सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. गवतावर दव पडले आहे, हवा ओली वाटते. येथे विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. १२ अंशांची हवा पूर्ण संपृक्त असली तरी तिच्यात लिटरमागे १०.७ मिलिग्रॅमच पाणी मावते; ८५ टक्के म्हणजे ९ मिलिग्रॅम. फुप्फुसाच्या दृष्टीने ही हवा कोरडी ठणठणीत आहे, कारण तिला आणखी ३५ मिलिग्रॅम पाणी पाजावे लागणार आहे. उलट मुंबईच्या पावसाळ्यात २८ अंशांना तेवढ्याच आर्द्रतेची हवा लिटरमागे सुमारे २३ मिलिग्रॅम पाणी स्वतःच घेऊन येते. सापेक्ष आर्द्रता आणि निरपेक्ष आर्द्रता यांतला फरक नववीच्या वर्गात शिकवताना तो फळ्यावर राहतो. दम्याच्या रुग्णाला तो छातीत जाणवतो.

बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो. ७ लिटर धरले तर त्या पहाटे मिनिटाला साधारण पाव ग्रॅम पाणी द्यावे लागेल. नाकाचा ओला, रक्तवाहिन्यांनी भरलेला मार्ग ते सहज देतो, आणि श्वास सोडताना त्यातले काही परतही मिळवतो. घाट चढताना काय होते, याचा हिशेब आपण विज्ञानाच्या तासाला शोभेल असा करू. समजा, नववीतली एक मुलगी आणि तिची सायकल मिळून ७५ किलो वजन आहे. चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटर रस्त्याला ८ मीटर उंची. वेग ताशी ८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.२ मीटर. नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारी शक्ती ७५ × ९.८ × २.२ × ०.०८, म्हणजे सुमारे १३० वॅट. स्नायूंची कार्यक्षमता पाव हिश्श्याहूनही थोडी कमी असते. तेव्हा शरीराला चौपटीहून अधिक ऊर्जा जाळावी लागते. त्यासाठी मिनिटाला दोन लिटरच्या आसपास ऑक्सिजन हवा, आणि तेवढ्या ऑक्सिजनसाठी पन्नासेक लिटर हवा आत-बाहेर करावी लागते. साधारण ३५ लिटरच्या पुढे नाक पुरे पडत नाही आणि तोंड आपोआप उघडते.

पन्नास लिटर गुणिले ३५ मिलिग्रॅम म्हणजे मिनिटाला पावणेदोन ग्रॅम पाणी. आणि नाकाचा मार्ग बराचसा टळल्यामुळे या मागणीचा मोठा भाग श्वासनलिकांवर येऊन पडतो. त्यांच्या आतल्या भिंतीवर द्रवाचा जो थर असतो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ. श्वासनलिका पुन्हा पुन्हा दुभंगत जातात. त्यांच्या पहिल्या दहा पिढ्यांतला हा सगळा द्रव एकत्र केला तरी एक मिलिलिटर भरणार नाही. मागणी पावणेदोन ग्रॅमची आणि साठा एक मिलिलिटरहून कमी. मागच्या पेशींतून पाणी सतत झिरपत येते म्हणून हा थर टिकतो, पण श्रम जोराचे असतील तर तो आटू लागतो आणि त्यातल्या क्षारांचे प्रमाण वाढते.

खारट द्रव बाजूला आला की पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. मिठात घातलेल्या कैरीच्या फोडींना सुटणारे पाणी आठवावे. दमा असलेल्यांच्या श्वासनलिकांना मुळातच सूज असते, आणि तेथे मास्ट पेशी नावाच्या पेशी दबा धरून असतात. परासरणातला हा बदल त्यांना पुरेसा होतो. हिस्टामीन, ल्युकोट्राईन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायने त्या सोडतात, श्वासनलिकांभोवतालचे स्नायू आवळतात, अस्तर सुजते. हे स्पष्टीकरण सिडनीच्या सँड्रा अँडरसन यांनी हिरिरीने मांडले. अमेरिकेतील मॅकफॅडन यांचा भर दुसऱ्या गोष्टीवर होता. त्यांच्या मते श्रमात थंड झालेल्या श्वासनलिका श्रम थांबताच झपाट्याने तापतात, त्यांच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि मार्ग अरुंद होतो. दोन्ही मतांच्या बाजूने प्रयोग आहेत. आज बहुतेक संशोधक कोरडेपणाला प्रमुख आणि थंडीला दुय्यम कारण मानतात. एक प्रयोग मात्र दोघांनाही मान्य होता. दम्याच्या रुग्णांना व्यायाम करताना ३७ अंशांची, बाष्पाने भरलेली हवा दिली, तर झटका येत नाही किंवा अगदी सौम्य येतो. पोहणे दम्याच्या मुलांना धावण्यापेक्षा सोसते ते याचमुळे. पाण्याच्या पृष्ठभागालगतची हवा उबदार आणि ओली असते.

चढताना नाही, उतरताना

हे सगळे घडायला वेळ लागतो. पाच-आठ मिनिटांच्या जोरदार श्रमानंतर गाडी सुरू होते. पण श्रम चालू असेपर्यंत शरीरातल्या काही यंत्रणा श्वासनलिका उघड्या ठेवायला मदत करत असतात. खोल श्वासांमुळे त्या ताणल्याही जातात. श्रम थांबले की ही मदत थांबते. त्यामुळे आकुंचन शिगेला पोचते ते थांबल्यानंतर पाच ते दहा मिनिटांनी. पुढे अर्ध्या ते एक तासात बहुतेकांना आपोआप उतार पडतो.

सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. मैदानावर धावणारा मुलगा थांबतो आणि बाकावर बसतो. घाट चढणारी मुलगी माथ्यावर पोचते, आनंदाने सायकल फिरवते आणि उताराला लागते. पाच-दहा मिनिटांनी, म्हणजे जेव्हा तिच्या श्वासनलिका सर्वांत अरुंद असणार तेव्हाच, ती खडकाळ पायवाटेवर वेगात असते. दोन्ही हात ब्रेकवर, घामाने ओले कपडे अंगावर, समोरून थंड वारा. पंप पाठीवरच्या पिशवीत तळाशी. सोबतचे पुढे निघून गेलेले. डोंगरी सायकलीवर दम्याचा धोका आहे तो या जागी, चढावर नव्हे.

म्हणून आमचा पहिला आग्रह असा, की माथ्यावर किमान पंधरा मिनिटे थांबावे. झटका यायचाच असेल तर तो तेथे, जमिनीवर बसलेले असताना येऊ द्यावा. ओला सदरा बदलावा, गळ्याभोवतीचा रुमाल नाकातोंडावर ओढावा. श्वास मोकळा आहे याची खात्री झाल्यावरच उतरावे. गटातल्या इतरांनाही या विश्रांतीने काही तोटा होत नाही.

श्वास सोडणे का अवघड?

दम्याचा रुग्ण "श्वास घेता येत नाही" असे सांगतो, पण खरी अडचण श्वास सोडण्याची असते. श्वास घेताना छाती फुगते, तिच्याबरोबर श्वासनलिकाही बाहेर ओढल्या जाऊन रुंदावतात. सोडताना त्याच दबतात. आधीच आवळलेल्या नलिका आणखी दबल्या, की हवा आत अडकून राहते. पुढचा श्वास त्या अडकलेल्या हवेवर घ्यावा लागतो. भरलेल्या पोत्यात आणखी धान्य कोंबावे तसा हा प्रकार.

नलिकेची त्रिज्या किंचित कमी झाली तर एवढे काय बिघडते, असे वाटेल. संथ प्रवाहासाठी प्वाझचा नियम सांगतो, की अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या एक पंचमांशाने घटली की अडथळा जवळजवळ अडीचपट; निम्मी झाली की सोळापट. श्वासनलिकांतला प्रवाह सगळीकडे संथ नसतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण अंदाज येतो. सरबत पिण्याची नळी आणि बॉलपेनची रिकामी रिफिल यांतून आळीपाळीने हवा फुंकायला सांगितले, की मुलांना चौथा घात कळतो. (दमा असलेल्या मुलाला या खेळातून वगळावे, त्याला तो धडा आधीच मिळालेला असतो.)

चढाची मागणी कमी करणे

वरच्या हिशेबात वेग निम्मा केला तर शक्ती निम्मी होते, आणि हवेची मागणीही बरीच उतरते. गिअरचा खरा उपयोग हाच. हलक्या गिअरमध्ये ताशी ४-५ किलोमीटरने, बोलता येईल इतपत श्वास ठेवून चढावे. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत नसेल, तर वेग जास्त झाला, अशी सोपी कसोटी आहे. तीव्र चढावर मात्र एक अडचण येते. सायकलचा तोल राखायला ठरावीक वेग लागतोच, त्याखाली जाता येत नाही. चढ १५-२० टक्के झाला की हलक्यात हलका गिअरही शक्तीची मागणी खाली आणू शकत नाही. तेथे उतरून सायकल ढकलावी. यात कमीपणा मानणारे सायकलस्वार आहेत. गुरुत्वाकर्षणाला मात्र कोण काय मानतो याच्याशी कर्तव्य नाही.

दुसरा उपाय पूर्वतयारीचा आहे, आणि तो आम्हांला फार सुंदर वाटतो. एकदा श्रमाने झटका येऊन गेला, की साधारण निम्म्या रुग्णांमध्ये पुढचे एक ते तीन तास दुसरा झटका सहजासहजी येत नाही. जणू मास्ट पेशींचे कोठार रिकामे झालेले असते. पूर्ण झटका न आणताही हा लाभ मिळवता येतो. चढ सुरू होण्यापूर्वी सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे सायकल चालवावी; त्यात मधूनमधून अर्ध्या मिनिटाचे जोराचे झपाटे आणि त्यांच्यामध्ये संथ गती असे आलटून-पालटून करावे. गाडीतून सायकली पायथ्याशी उतरवून तडक घाटाला लागणे ही सर्वांत वाईट सुरुवात.

तोंडावरच्या सुती रुमालाचा उल्लेख आला आहे. तो धूळ काही प्रमाणात अडवतो, पण थंडीत त्याचे मोठे काम वेगळे असते. सोडलेल्या श्वासातली उष्णता व बाष्प तो धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाला परत देतो. उताऱ्यावर किंवा संथ चढावर नाकाने श्वास घेणे जमत असेल तेवढे घ्यावे.

हवेत काय आहे यालाही महत्त्व आहे, कारण मिनिटाला सातपट हवा म्हणजे सातपट धूळ, परागकण आणि धूर, तेही नाकाच्या गाळणीशिवाय. कच्च्या वाटेवर पुढच्या सायकलच्या मागे चिकटून जाणारा तिची सगळी धूळ खातो. वाऱ्याची दिशा पाहून अंतर ठेवावे. पावसाळ्याच्या शेवटी गवते फुलतात तेव्हा आणि ओल्या पालापाचोळ्यात बुरशी माजते तेव्हा अनेकांचा दमा बळावतो. महाराष्ट्रात १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आता सर्वत्र आहे. त्याच्या स्पर्शाने त्वचेला आणि परागकणांनी नाकाला त्रास होणारे लोक पुष्कळ आहेत. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवेचा थर दरीत साचून राहतो आणि चुलींचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्यातच कोंडतो. अशा दिवशी सहा वाजता निघण्याचा हट्ट सोडून ऊन पडल्यावर निघाले, तर हवा उबदारही मिळते आणि स्वच्छही.

उंच पर्वतांचे गणित थोडे वेगळे. मनाली ते लेह या वाटेवर दरवर्षी सायकलस्वार जातात. त्यावरची तांगलांग ला ही खिंड ५३०० मीटरच्या आसपास उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. घरातल्या धुळीतले कीटक कोरड्या उंचीवर तगत नाहीत, परागकण कमी असतात, आणि विरळ हवा अरुंद नळीतून वाहायला सोपी असते. म्हणून काही रुग्णांना डोंगरात बरे वाटते. पण ऑक्सिजन कमी असल्यामुळे तेवढ्याच श्रमाला खूप अधिक हवा घ्यावी लागते आणि ती हवा थंड व अतिशय कोरडी असते. शिवाय तेथे मोठा झटका आला, तर रक्तातल्या ऑक्सिजनला घसरायला फारशी जागा उरलेली नसते, आणि रुग्णालय दिवसभराच्या अंतरावर. ज्याचा दमा पुण्या-नाशिकच्या डोंगरात काबूत राहत नाही त्याने तेथे जाऊ नये.

औषधाविषयी

पंपाने सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, गोळी सौम्य आणि पंप जहाल: हे तिन्ही समज चुकीचे आहेत. साल्ब्युटामॉल हे औषध १९६९ साली बाजारात आले. पंपाच्या एका फवाऱ्यात ते १०० मायक्रोग्रॅम असते. त्याचीच गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे वीस ते चाळीसपट. कारण गोळी सगळ्या शरीरात फिरते, फवारा जेथे हवा तेथेच पोचतो. हात थरथरणे, छाती धडधडणे हे गोळीने अधिक होते. सायकलच्या साखळीला तेल लावायचे तर कोणी सायकल तेलाच्या पिंपात बुडवत नाही.

मात्र साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू तेवढे सैल करते, मूळची सूज तशीच राहते. सूज उतरवण्यासाठी श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड हवे, आणि त्याची मात्राही अशीच मायक्रोग्रॅमची असते. ते काही आठवडे नियमित घेतले की श्रमाने येणारे झटकेही कमी होतात. उलट नुसत्या साल्ब्युटामॉलवर रोज भिस्त ठेवली, तर त्याचे संरक्षण हळूहळू बोथट होते. म्हणूनच दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून मोठ्या मुलांना व प्रौढांना केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असे सांगितले आहे. अल्प मात्रेतले स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप गरजेप्रमाणे आणि व्यायामापूर्वीही वापरावा, असा त्यांचा कल आहे. कोणाला काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. चढापूर्वी साल्ब्युटामॉल घ्यायला सांगितले असेल, तर ते दहा-पंधरा मिनिटे आधी घ्यायचे असते आणि त्याचा असर दोन ते चार तास राहतो, हे सहलीच्या आखणीत धरावे.

शिक्षकांनी सहलीपूर्वी एवढे विचारावे: गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा दिवसा त्रास झाला का? रात्री खोकल्याने जाग आली का? तातडीचा पंप आठवड्यातून दोनदाहून अधिक लागला का? चालताना-खेळताना थांबावे लागते का? एकाचेही उत्तर 'हो' असेल तर दमा पुरता काबूत नाही. सहल पुढच्या खेपेला, डॉक्टरांची भेट आधी.

काबूत असेल तर मात्र दमा आड येत नाही. लॉस एंजेलिसच्या १९८४ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंची तपासणी झाली, तेव्हा ६७ जणांना श्रमजन्य दमा आढळला. या ६७ जणांनी मिळून ४१ पदके जिंकली. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या रस्त्यावरील सायकल शर्यतीचे सुवर्णपदक अलेक्सी ग्रेवाल याने मिळवले. तोही दम्याचा रुग्ण, आणि त्याचे वडील पंजाबातून तेथे गेलेले. त्याआधी १९७२ साली म्यूनिकला सोळा वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू रिक डिमाँट याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले होते, कारण त्याच्या दम्याच्या औषधात बंदी असलेले एफेड्रिन होते. आज साल्ब्युटामॉल श्वासातून ठरावीक मर्यादेपर्यंत घ्यायला खेळाडूंना परवानगी आहे. पंप घेतल्याने निरोगी खेळाडू वेगवान होतो असे प्रयोगांत दिसत नाही, तेव्हा "हा औषध घेऊन पळतो" या मुलांमधल्या कुजबुजीला शिक्षकांनी उत्तर द्यायला हरकत नाही.

धाप लागणाऱ्या प्रत्येकाला दमा असतो असेही नाही. काहींच्या बाबतीत ऐन जोराच्या श्रमात घशातल्या स्वरयंत्राचा मार्ग अरुंद होतो. अशा वेळी श्वास घेताना आवाज येतो, त्रास घशात जाणवतो, आणि थांबल्यावर काही मिनिटांतच सारे निवळते. पंपाचा उपयोग होत नाही. श्रम संपल्यावर वाढणारा, छातीत जाणवणारा, श्वास सोडताना शिटी वाजवणारा त्रास दम्याचा. खात्री करायला फुंकरीचा वेग मोजणारे साधे प्लास्टिकचे उपकरण मिळते. त्याला पीक फ्लो मीटर म्हणतात. माथ्यावर पोचल्यावर पाच व दहा मिनिटांनी घेतलेला आकडा चढापूर्वीच्या आकड्याहून १५ टक्क्यांनी किंवा अधिक खाली असेल, तर श्वासनलिका आवळल्या आहेत असे समजावे आणि उतरू नये.

झटका आलाच तर मुलाला सरळ बसवावे, पुढे किंचित झुकू द्यावे. आडवे निजवू नये, भोवती गर्दी करू नये. साल्ब्युटामॉलचा एक फवारा स्पेसरमध्ये सोडावा, त्यातून चार श्वास घेऊ द्यावेत. असे चार फवारे द्यावेत. चार मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा चार, आणि त्याच वेळी १०८ ला दूरध्वनी करावा. वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा शिटीचा आवाज बंद होऊनही मूल अधिक थकलेले दिसत असेल, तर चार मिनिटेही थांबू नये. आवाज थांबणे हे येथे सुधारणेचे लक्षण नाही. हवा इतकी कमी हलते आहे की शिटीही वाजत नाही.

स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. फवाऱ्याचे मोठे थेंब तिच्यातच राहतात, बारीक थेंब श्वासाबरोबर खोल जातात, आणि दाबणे व श्वास घेणे एकाच क्षणी जमवावे लागत नाही. केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत अर्धा लिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर, झटका आलेल्या मुलांमध्ये विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. बाटलीच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढेच भोक पाडायचे आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. बाटली आधी साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, निथळून वाळवावी. नाहीतर प्लास्टिकवरील स्थिरविद्युतभार औषधाचे कण स्वतःकडे ओढून घेतो.

पंप सायकलस्वाराच्या अंगावरच असावा, मागून येणाऱ्या गाडीत नव्हे. थंडीत तो आतल्या खिशात ठेवावा, कारण गार डबीतून फवारा नीट उडत नाही. टोपण लावलेले असावे. उघड्या पंपात शिरलेला खडा किंवा नाणे श्वासाबरोबर आत गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. डबीत किती औषध उरले ते पाहण्यासाठी ती पाण्यात तरंगवून बघण्याची युक्ती अजून पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. आर्किमिडीजमुळे ती विज्ञानशिक्षकांना आवडण्यासारखी आहे, पण ती विश्वासार्ह नाही. औषध संपल्यावरही डबीत वायू उरतो, आणि पाणी झडपेत शिरते ते वेगळेच. मोजणीचा आकडा दाखवणारा पंप घ्यावा, नाहीतर डबीवर चिठ्ठी चिकटवून प्रत्येक फवाऱ्याला एक रेघ ओढावी.